रबरी काकांच्या मानेतली नाडी

मित्रांनो, मी एक जुना मेलेला माणूस आहे. अहो, दचकताय काय? मरणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग आहे आणि त्यात माझा हात धरेल असा कोणी अजून जन्माला आलेला नाही. सकाळी मरतो, चहाच्या सुट्टीनंतर पुन्हा मरतो, आणि दुपारी जेवून सुस्तावलेल्या मंडळींना जाग यावी म्हणून जरा जास्तच जोमाने मरतो. संध्याकाळी मला पुसतात, शर्टाची उरलेली बटणं लावतात आणि टेबलावर निजवतात.

मी रबराचा आहे. डोकं, हात आणि कंबरेपर्यंतचं धड एवढाच मी. पाय मला दिलेच नाहीत. हृदय बंद पडलेल्या माणसाला कुठे चालायला जायचंय, असा विचार कारखान्यातल्या साहेबांनी केला असावा. एखाद्याचं हृदय अचानक थांबलं तर काय करायचं, हे अँब्युलन्सवरच्या आणि दवाखान्यातल्या माणसांना माझ्यावर शिकवतात. माझी छाती दाबायची, तोंडावर मास्क धरून पिशवीने हवा भरायची, शॉकचं मशीन लावायचं, दंडातल्या नळीतून औषध सोडायचं. चुकले तर मी मेलो. बरोबर आलं तर मी उठलो, आणि पुढच्या तुकडीसाठी पुन्हा मेलो.

माझा जन्म एका साच्यात झाला. गरम रबर ओतलं, गार केलं, आणि छातीत एक स्प्रिंग बसवली. ती स्प्रिंग म्हणजे काय सांगू! नवी असताना एका पहिलवान ड्रायव्हरने पहिल्याच दिवशी सगळं अंग टाकून ती दाबली आणि हात सैल सोडले. गडी असा उडाला, की छताच्या पंख्याला डोकं टेकवून खाली आला. खोटं वाटत असेल तर तो पंखा आजही तिथे आहे. एक पातं वाकडं आहे त्याचं. रंगवणाऱ्या बाईंनी माझी एक भुवई दुसरीपेक्षा वर काढली. त्यामुळे माझा चेहरा कायम 'हो का? खरं की काय?' असा दिसतो. शिकाऊ लोक घाबरतात त्याला. मला तो चेहरा फार आवडतो.

मला ठेवलं ते अँब्युलन्सच्या आवारामागच्या इमारतीत, वरच्या मजल्यावरच्या मोठ्या खोलीत. खिडकीतून खाली गाड्या धुताना दिसायच्या. खोलीत स्पिरिटचा वास, भिंतीला ऑक्सिजनचं सिलिंडर, कोपऱ्यात हिरव्या रेघा दाखवणारा मॉनिटर. शिकायला आलेला माणूस आधी माझे खांदे हलवायचा आणि ओरडायचा, "काका, अहो काका, ऐकू येतंय का?" ऐकू येतं हो, चांगलं खणखणीत येतं. पण उत्तर द्यायचं नाही, हा माझ्या नोकरीचा पहिला नियम. तेव्हापासून मी सगळ्यांचा काका झालो. माझ्यापेक्षा म्हातारे डॉक्टरसुद्धा मला काका म्हणतात आणि वर माझ्या बरगड्यांवर चढतात.

ती वर्षं बहराची होती. माझ्याइतके शर्ट कुठल्या राजानेही फाडून घेतले नसतील, कारण घाईत बटणं काढत बसायचं नसतं, कात्रीने सरळ शर्ट कापायचा असतो. एकदा एका दणकट कंपाउंडरने माझ्यात इतकी हवा भरली, की मी टेबलावरून वीतभर तरंगलो आणि खिडकीकडे निघालो. दोघांनी हात धरून खाली ओढला म्हणून आज तुमच्याशी बोलतोय.

पण सगळ्यात मोठा मान मला मिळाला तो वेगळाच. एक दिवस एक ओळखीचा नसलेला माणूस बायकोला घेऊन जिना चढून आला. बाजारात भाजी घेताना त्याचं हृदय थांबलं होतं, आणि माझ्यावर शिकलेल्या पोरांनी ते रस्त्यावरच चालू केलं होतं. त्याने माझ्या छातीवर हात ठेवला. बायकोने माझी कॉलर नीट केली आणि नवऱ्याला म्हणाली, "बघा, तुमच्यापेक्षा यांचा शर्ट जास्त चुरगळलाय." मित्रांनो, रबराला रडता येत नाही, हे त्या दिवशी फार बरं झालं.

मग नवा आला. पाय असलेला, पापण्या मिटणारा, कण्हणारा, वायरी लावल्या की घामसुद्धा येणारा. मला कपाटात ठेवलं. माझ्या पोटावर बादली, बादलीत झाडू. धूळ नाकात गेली तरी शिंकायची सोय नाही. उन्हाळ्यात कपाट तापायचं, थंडीत आकसायचं, आणि त्यात माझ्या आतल्या नळ्या हळूहळू कडक होत गेल्या. कपाट उघडून मला कोणी विचारलं नाही, की काका, कसे आहात?

आता मुख्य गोष्ट. नीट सरसावून बसा.

त्या वर्षी आवारात एक मोठी नवी अँब्युलन्स यायची होती. खास हृदयाच्या रुग्णांसाठी, आत सगळी यंत्रं असलेली. तिच्यावर काम करायचं तर टीमचा म्होरक्या होण्याची परीक्षा पास व्हावी लागणार होती. आमच्या जुन्या गाडीवर एक सिस्टर होती. तिला सगळे 'झटपट' म्हणायचे. कारण तुम्ही "कापूस" म्हणेपर्यंत तिने कापूस, पट्टी, कात्री काढून जखम बांधूनसुद्धा झालेली असायची. गाडी चालवायला तिचा धाकटा दीर होता. तो तिला वहिनी म्हणायचा, ती त्याला भाऊजी, आणि दोघं मिळून रस्त्यावर नुसता धुमाकूळ. आता ती जुनी गाडी भंगारात निघणार होती. झटपट पास झाली तर नव्या गाडीवर जाणार. नाही झाली तर फोन उचलायच्या टेबलावर बसणार. आणि तिला खुर्चीवर बसवणं म्हणजे उकळत्या पाण्यावर झाकण बसवण्यासारखं.

परीक्षेच्या दिवशीच तो पापण्यांवाला नवा पुतळा बिघडला. डोळे मिटले ते उघडेचनात. शिकवणाऱ्या मॅडमनी कपाट उघडलं, बादली बाजूला केली, ओल्या फडक्याने माझं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "चला काका, लाज राखा."

दिवसभर तुकड्या आल्या, मी मरत राहिलो, आणि बहुतेक सगळे पास होत गेले. सगळ्यात शेवटी झटपटची पाळी आली. छाती दाबायला तिचा दीर (तो स्वतः सकाळीच दुसऱ्या तुकडीबरोबर पास झाला होता), औषधं द्यायला एक तरुण डॉक्टर, हवा भरायला दुसरी एक सिस्टर. म्होरक्याने पायाशी उभं राहायचं असतं. माझ्या बाबतीत पाय असते तर जिथे असते तिथे. हात लावायचा नाही. डोळे सगळीकडे ठेवायचे आणि नाव घेऊन एकेकाला काम सांगायचं. ज्याला सांगितलं त्याने ते मोठ्याने परत म्हणायचं, करायचं, आणि झालं की झालं म्हणायचं. म्हणजे गोंधळात काही सुटत नाही.

झटपट उभी राहिली... साधारण एक श्वासभर. मग तिने दिराला ढुशी मारून बाजूला केलं आणि स्वतःच माझ्या छातीवर झेपावली. दाबत होती मात्र सुरेख! खोल, तालात, प्रत्येक वेळी छाती पूर्ण वर येऊ देऊन. "कोणीतरी औषध द्या! कोणीतरी मशीन बघा!" ती ओरडत होती. दीर हात हलवत उभा. डॉक्टर भरलेली सिरिंज हातात धरून उभा, कारण त्याला वाटलं ते 'कोणीतरी' म्हणजे दुसरी सिस्टर. मशीनकडे कोणी बघेना, शॉकची वेळ निघून गेली, आणि मी मेलो. अगदी साग्रसंगीत मेलो.

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "या खोलीत 'कोणीतरी' नावाचं कोण आहे? हात वर करा बघू."

डॉक्टरने हातातली सिरिंज हळूच टेबलावर ठेवली.

"झटपट, तुझे दोन हात आहेत. इथे आठ होते. सहा वाया घालवलेस."

"मॅडम, पण भाऊजी हळू दाबत होते..."

"अहो वहिनी, मी सुरू तरी कुठे केलं होतं!" दीर म्हणाला. "हात ठेवेपर्यंत तुम्ही मला भिंतीला लावलंत."

"मग तिला सांगू द्या ना, जोरात दाबा म्हणून," मॅडम म्हणाल्या. "सांगणं हेच तिचं काम आहे. पुढच्या आठवड्यात आणखी एकदा घेते. ती शेवटची."

त्या आठवड्यात काय झालं ते मी पाहिलेलं नाही. दीर मला पुसायला आला होता तेव्हा इतरांना सांगत होता, ते सांगतो. त्याने तिखटमीठ लावलं असेल तर ते त्याच्या माथी. झटपटने घरी स्वयंपाकघरात सराव सुरू केला. स्वतः दाराशी हात पाठीमागे बांधून उभी. "आई, कांदा चिरा. अहो, तुम्ही तेल तापवा. भाऊजी, अंडी फोडा."

सासूबाई आधी भडकल्या. "माझ्या घरात मलाच हुकूम? आणि ही अशी हवालदारासारखी काय उभी आहे?"

"आई, तुम्ही 'कांदा चिरते' म्हणा, आणि झाला की 'कांदा चिरला' म्हणा. माझ्या नोकरीचा प्रश्न आहे हो."

"कांदा चिरते," सासूबाई फणकाऱ्याने म्हणाल्या. पण दोन दिवसांत त्यांना त्याची अशी काही गोडी लागली, की नवरा, म्हणजे झटपटचे सासरे, नुसते खुर्चीतून उठले तरी या आतून ओरडायच्या, "उठले म्हणा! मोठ्याने! ऐकू आलं नाही!" झटपटच्या नवऱ्याने तेल जाळलं, दिराने अंड्याची टरफलं भांड्यात पाडली, झटपटचे हात पाठीमागे एकमेकांना चिमटे काढत राहिले, पण तिने कढईला बोट लावलं नाही. घरातल्यांनी आठवडाभर करपलेलं खाल्लं. माझ्या मते परीक्षेत त्या सगळ्यांनाही गुण द्यायला हवे होते.

दुसऱ्या परीक्षेचा दिवस उजाडला. आता माझ्या मानेबद्दल सांगायला हवं. माझ्या गळ्याच्या कातडीखाली एक बारीक नळी आहे, आणि तिचं दुसरं टोक शिकवणाऱ्याच्या हातातल्या छोट्या रबरी फुग्याला जोडलेलं आहे. शिकवणाऱ्याने फुगा तालात दाबला की माझ्या मानेत ठोका उडतो. बोट ठेवलं की लागतो. म्हणजे काका जिवंत झाले. पण कपाटातल्या त्या वर्षांत माझी ती नळी आतून चिरली होती. मॅडम फुगा दाबायच्या, हवा फटीतून निघून जायची, आणि मान गप्प. हे मला माहीत होतं. मॅडमना माहीत नव्हतं.

तुम्ही विचाराल, मग आदल्या आठवड्यात इतके लोक पास कसे झाले? तीच तर गंमत आहे. प्रत्येक तुकडीच्या शेवटी मॅडम बटण दाबायच्या आणि मॉनिटरवर छान रेघा यायच्या. मॅडमच्या हातात फुगा हलताना दिसायचा. सगळ्यांना ठाऊक, की आता काका उठणार आहेत. मानेवर बोट ठेवणारा म्हणायचा, "लागतेय!" अहो, काय लागतेय? माझ्या मानेत तेव्हा उशीइतकीसुद्धा हालचाल नव्हती. पण प्रत्येकाच्या बोटाला ती लागली. मी माझ्या वाकड्या भुवईने त्या सगळ्यांकडे बघत पडलो होतो. बोलायची सोय नव्हती, नाहीतर एकेकाचं बोट चावलं असतं.

झटपट माझ्या नसलेल्या पायांशी उभी राहिली. हात पाठीमागे. ओठ घट्ट.

"भाऊजी, छाती दाबा."

"दाबतोय."

"आणखी खोल. वर येऊ द्या पूर्ण. हां, असं. डॉक्टर, मशीन लावा."

"मशीन लावतो... लावलं."

मॉनिटरवर वेड्यावाकड्या रेघा. "शॉक द्यायचाय. सगळे दूर!" सगळे दूर झाले, शॉक बसला, आणि तिने लगेच दिराला पुन्हा दाबायला लावलं. तो दमायच्या आत दुसऱ्या सिस्टरला त्याच्या जागी आणलं, त्याला हवा भरायला बसवलं. "डॉक्टर, अ‍ॅड्रेनलिन द्या." "अ‍ॅड्रेनलिन देतो... दिलं." काय सांगू मित्रांनो, एखादं घड्याळ चालावं तशी ती टीम चालली होती. मी इतक्या वेळा मेलोय, पण इतक्या आरामात कधी मेलो नव्हतो.

मग मॉनिटरवर रेघा बदलल्या. सरळ, नीटनेटक्या, सारख्या अंतरावर. निरोगी माणसाच्या असतात तशा. मॅडमनी फुगा हातात घेतला आणि दाबू लागल्या. दिराचा चेहरा खुलला. दुसऱ्या सिस्टरने हात उचलून सुस्कारा टाकला. झटपटने एकदा त्या रेघांकडे पाहिलं, आणि मला वाटलं, झालं, आता हिलासुद्धा लागणार.

"डॉक्टर, मानेवर नाडी बघा."

"नाडी बघतो." त्याने बोट ठेवलं. "लागतेय... बहुतेक."

"बहुतेक नको, डॉक्टर. लागतेय की नाही?"

तरुण डॉक्टर गोंधळला. त्याने मॅडमच्या हातातल्या हलत्या फुग्याकडे पाहिलं, मॉनिटरकडे पाहिलं. मग डोळे मिटून फक्त बोटाकडे लक्ष दिलं. मी तेव्हाच ओळखलं, पोरगं चांगलं आहे.

"नाही," तो म्हणाला. "नाही लागत."

"नाडी आहे, झटपट," मॅडम फुगा दाबत म्हणाल्या. "मी सांगतेय ना."

दीर डोळ्यांनी वहिनीला खुणावत होता, की अहो, त्या आहे म्हणताहेत, तुम्हीही आहे म्हणा आणि घरी चला. एक 'बरं' म्हटलं की नवी गाडी. समोर गुण देणारं माणूस. पाठीमागे झटपटची बोटं एकमेकांत इतकी घट्ट अडकली होती, की नखं पांढरी पडली.

"मॅडम, तुम्ही म्हणताय," ती म्हणाली, "पण मान नाही म्हणत." आणि ताबडतोब, "सिस्टर, छाती दाबा. रेघा दिसताहेत, पण हृदय रक्त ढकलत नाहीये. भाऊजी, हवा चालू ठेवा. डॉक्टर, पुढच्या औषधाची वेळ बघा."

"छाती दाबतेय."

"हवा देतोय."

"वेळ बघतो."

आणि पुन्हा माझी छाती खालीवर होऊ लागली.

मॅडमनी पुढे होऊन स्वतःचं बोट माझ्या मानेवर ठेवलं. दुसऱ्या हाताने फुगा दाबला. पुन्हा दाबला. माझी कॉलर उलटली, गळ्याची कातडी वर केली, आणि नळी बाहेर ओढली. चीर चांगली बोटभर लांब होती.

"थांबा," त्या म्हणाल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. "गेल्या आठवड्यात कोणाकोणाला नाडी लागली होती?"

दिराने शाळेतल्या पोरासारखा हात वर केला. "मॅडम, मला. चांगली टणटणीत लागली होती."

झटपटला हसू आवरेना. "भाऊजी! टणटणीत?"

"अहो वहिनी, रेघा इतक्या छान होत्या, की बोटालाही तसंच वाटलं."

"वाटलं," मॅडम म्हणाल्या. "मलाही वाटलं. फुगा दाबला म्हणजे नाडी आली, असं मी धरूनच चालले. मान तपासली नाही. रस्त्यावरच्या माणसाला असं 'वाटून' सोडलं असतं तर?" त्या झटपटकडे वळल्या. "पास. आणि उद्यापासून बाकीच्या सगळ्यांची परीक्षा पुन्हा."

दिराने कपाळाला हात लावला. "म्हणजे वहिनी नव्या गाडीवर, आणि चालवणारा पुन्हा काकांच्या छातीवर!"

"दाबा भाऊजी," झटपट म्हणाली. "सराव हवाच तुम्हाला."

मित्रांनो, मॅडमनी त्याच संध्याकाळी माझी नळी स्वतःच्या हाताने बदलली. फुफ्फुसाच्या पिशव्या नव्या घातल्या, छातीच्या स्प्रिंगला तेल दिलं. पापण्यांवाला दुरुस्त होऊन आला, पण मी कपाटात गेलो नाही. आम्ही दोघं शेजारी शेजारी मरतो. नवी गाडी आली. खिडकीतून मला ती रोज दिसते. झटपट मागच्या दाराशी हात पाठीमागे बांधून उभी असते आणि सगळ्यांकडून सगळं मोठ्याने म्हणवून घेते. आता या खोलीत एक रीत पडली आहे. वर्ग सुरू व्हायच्या आधी एक जण माझ्या मानेवर बोट ठेवतो, दुसरा फुगा दाबतो, आणि पहिला डोळे मिटून सांगतो, लागते की नाही.

तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे. वाईट वेळेसाठी ठेवलेल्या वस्तू तुमच्या शाळेत, जिन्यात, गाडीत कुठेतरी धूळ खात असतील. प्रथमोपचाराची पेटी, आग विझवायचं लाल सिलिंडर, भिंतीवरचं ते शॉकचं मशीन. चांगले दिवस आहेत तोवर मोठ्यांना सोबत घेऊन त्यांची विचारपूस करा. पेटी उघडा, आत काय आहे ते बघा, काय संपलंय ते सांगा. आम्ही वस्तू बोलत नाही. आमच्या वतीने कोणीतरी, म्हणजे नाव असलेल्या कोणीतरी, बोलायला हवं. आणि तपासताना बोटाला जे लागेल तेच सांगा. लागत नसेल, तर समोर कितीही मोठं माणूस 'आहे' म्हणत उभं असलं, तरी छाती पुढे काढून मोठ्याने म्हणा, "नाही लागत."